वाचकांचे प्रश्न : शिंपल्यांवरून खडकांचे वय

समुद्री शिंपल्यांच्या जीवाश्मांवरून गाळाच्या खडकांचे वय ठरवतात, असे एक वाक्य मागील अंकात येऊन गेले. त्यावर नागपूर आणि आसपासच्या वाचकांची इतकी पत्रे आली की या वेळचे सदर पूर्णपणे त्याच विषयाला दिले आहे. पत्रे मोठी होती. जागेअभावी त्यांतील मुख्य प्रश्न तेवढे येथे घेतले आहेत.

प्रश्न : कळमेश्वरकडे आमच्या शेतात विहीर खणताना काळ्या दगडाखाली पांढुरका, फार कठीण दगड लागला. त्यात गोगलगाईसारखे शंख आहेत आणि बोटाच्या पेराएवढा एक शिंपलाही आहे. नागपूरला पूर्वी समुद्र होता असे समजावे का? या शिंपल्यावरून दगडाचे वय काढता येईल का?
— एक वाचक, गिट्टीखदान, नागपूर

उत्तर : वर्णनावरून आपला दगड दोन लाव्हाप्रवाहांच्या मधला दिसतो, आणि तो समुद्रातला नसून गोड्या पाण्यातला असावा. दख्खनचा लाव्हा एका दमात वाहून थांबला नाही. एक प्रवाह थंड झाला की त्याच्या सखल भागांत तळी साचत, त्यांत गाळ बसे, गोगलगाई आणि शिंपले वाढत, आणि पुढे कधीतरी नवा प्रवाह येऊन ते सगळे झाकून टाकी. पुढे झिरपणाऱ्या पाण्यातील सिलिकामुळे तो गाळ गारेसारखा कठीण झाला. अशा थरांना आंतरट्रॅपी थर म्हणतात. आपल्याकडची टाकळी आणि सीताबर्डीची टेकडी ही या थरांची फार जुनी आणि भूशास्त्राच्या वाङ्मयात प्रसिद्ध असलेली ठिकाणे आहेत. स्टीफन हिस्लॉप आणि रॉबर्ट हंटर या नागपुरातील दोन मिशनऱ्यांनी येथील खडक आणि जीवाश्म यांच्यावर लिहिलेला निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या त्रैमासिकात १८५५ मध्ये छापून आला.

गोड्या पाण्याची खूण आपल्याला घरीच तपासता येईल. शंखाचे टोक वर आणि तोंड आपल्याकडे येईल असा तो धरावा. बहुतेक शंखांचे तोंड उजव्या बाजूला येते. ते डाव्या बाजूला आले, तर आपल्या हातात फायसा ही गोड्या पाण्यातील गोगलगाय असण्याचा संभव मोठा आहे. नागपूरच्या आंतरट्रॅपी थरांत ती विपुल सापडते. तिच्यासोबत सापडणारा शिंपला बहुधा युनिओच्या जातीचा, म्हणजे आजही आपल्या नद्या-तलावांत मिळणाऱ्या शिंपल्याच्या घराण्यातला असतो. समुद्राचा थर असता तर प्रवाळ, समुद्री साळिंदरे, कालवे यांपैकी काहीतरी जवळपास दिसले असते.

आता वयाबद्दल. गोड्या पाण्यातील शिंपले या कामाला फारसे उपयोगी पडत नाहीत. एका नदीच्या खोऱ्यातील शिंपला दुसऱ्या खोऱ्यात सहज पोहोचत नाही, त्यामुळे दूरच्या थरांशी तुलना करता येत नाही. शिवाय पाणी संथ की वाहते, तळ चिखलाचा की वाळूचा, यावर त्याचा आकार इतका बदलतो की प्रजाती ओळखताना जाणकारांचीही पंचाईत होते. नागपूरच्या बाबतीत याचा परिणाम असा झाला की येथील थरांचे वय शंभर वर्षांहून अधिक काळ वादात राहिले. हिस्लॉप यांनी १८६० मध्ये या थरांतील शिंपल्यांचे वर्णन प्रसिद्ध केले तेव्हा ते त्यांना टर्शरी कालखंडाचे, म्हणजे डायनोसॉर नष्ट झाल्यानंतरचे मानत होते. पुढे १९३० च्या दशकात वनस्पतींच्या जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल सहानी यांनीही छिंदवाडा भागातील वनस्पतींच्या जीवाश्मांवरून काहीशी तीच बाजू मांडली. या वादात वारंवार साक्षीला बोलावले गेले ते राजमहेंद्रीजवळचे शिंपले. आपल्या नाग नदीचे पाणी कन्हान, वैनगंगा, प्राणहिता असे करत ज्या गोदावरीला मिळते, तिच्याच मुखाकडच्या भागात लाव्ह्याच्या दोन प्रवाहांमध्ये समुद्राच्या आणि खाडीच्या शिंपल्यांचा थर आहे. समुद्राचा थर मिळाला की जगातील इतर समुद्री थरांशी त्याची तुलना करता येते, आणि म्हणूनच त्याचे महत्त्व. अलीकडे तेथील, तसेच छिंदवाडा जिल्ह्यातील झिलमिली येथील आंतरट्रॅपी थरांतून फोरॅमिनिफेरा हे सूक्ष्म समुद्री जीव मिळाले आणि क्रिटेशस कालखंडाचा, म्हणजे डायनोसॉरांच्या अखेरच्या कालखंडाचा, शेवट नेमका कोठे येतो हे बरेच स्पष्ट झाले. लाव्ह्याचे किरणोत्सर्गी पद्धतीने काढलेले वयही सुमारे ६.६ कोटी वर्षे येते. आपल्या विहिरीतील दगडाचे वय त्याच्या आगेमागे धरावे; ते त्या शिंपल्याने मात्र सांगितलेले नाही.

प्रश्न : आमच्या पाठ्यपुस्तकात निर्देशक जीवाश्म, म्हणजे थराचे वय दाखवणारे जीवाश्म, म्हणून ॲमोनाइटांची (गुंडाळलेल्या कवचाच्या, आता नष्ट झालेल्या समुद्री प्राण्यांची) नावे येतात, शिंपल्यांची क्वचितच. शिंपले तर सगळीकडे सापडतात. मग काही शिंपले उपयोगी आणि काही निरुपयोगी, असे का?
— बी.एस्सी.चा विद्यार्थी, कामठी

उत्तर : बिजागरीने जोडलेल्या दोन झडपांचे कवच असणारे हे प्राणी कँब्रियन कालखंडापासून, म्हणजे ५० कोटींहून अधिक वर्षे समुद्रात आहेत. त्यामुळे नुसता शिंपला सापडला यावरून काही ठरत नाही. तो कोणत्या प्रजातीचा, हे ठरले तरच पुढे जाता येते. एखाद्या जुन्या वाड्याच्या पायात पाटा-वरवंटा सापडला तर वाडा कधीचा ते कळत नाही, पण भोसल्यांच्या काळातील नाणे सापडले तर पुष्कळ कळते, कारण ते नाणे ठरावीक वर्षांतच पाडले गेले आणि त्या वर्षांत दूरवर चालले. शिंपल्यांतही पाटे-वरवंटे आहेत आणि नाणीही आहेत. पिन्ना हा पंख्याच्या आकाराचा शिंपला कार्बॉनिफेरस कालखंडापासून, म्हणजे सुमारे ३० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीपासून आजपर्यंत जवळजवळ त्याच रूपात टिकून आहे. तो मिळाला म्हणून वयाचा अंदाज करता येत नाही. कालवांची अडचण निराळी आहे. कालव ज्या दगडाला किंवा दुसऱ्या कवचाला चिकटते त्याचाच आकार घेते, त्यामुळे एकाच प्रजातीची दहा कालवे दहा तऱ्हांची दिसतात आणि दोन निराळ्या प्रजाती एकसारख्या दिसू शकतात.

उपयोगी ठरतात ते शिंपले जे झपाट्याने बदलले, थोडाच काळ टिकले आणि तेवढ्या काळात दूरदूर पसरले. पसरण्याचे काम प्रौढ शिंपला करत नाही. तो तळाशी पडून किंवा चिखलात पुरून घेऊन राहतो; त्याच्या अळ्या मात्र काही काळ पाण्यात तरंगतात आणि सागरी प्रवाहांबरोबर दूर जातात. हा तरंगण्याचा काळ ज्या प्रजातींत मोठा, त्यांचा पसारा मोठा.

याचे सर्वांत स्वच्छ उदाहरण हिमालयातील स्पितीच्या खोऱ्यात आहे. ट्रायासिक कालखंडाचे (सुमारे २५ ते २० कोटी वर्षांपूर्वीचे) तेथील थर एकावर एक जाडच्या जाड रचलेले आहेत आणि जुन्या भूशास्त्रज्ञांनी त्यांतील काहींना शिंपल्यांचीच नावे दिली : खाली डाओनेला शेल (शेल म्हणजे चिखलापासून झालेला, पापुद्रे निघणारा खडक), त्यावर हॅलोबियाचा चुनखडक, आणखी वर मोनोटिस शेल. हे तिन्ही शिंपले पातळ, पसरट आणि बारीक अरी असलेले आहेत. शेलच्या एकाच पापुद्र्यावर ते शेकड्यांनी चपटे होऊन पडलेले दिसतात. डाओनेला मध्य ट्रायासिकचा, हॅलोबिया उत्तर ट्रायासिकचा, आणि मोनोटिस त्या कालखंडाच्या अखेरीकडचा. हाच क्रम आल्प्समध्ये सापडतो आणि पॅसिफिक महासागराच्या दोन्ही काठांवरही ओळखता येतो. या मालिकेच्याही आधी, २५.२ कोटी वर्षांपूर्वीच्या महाविनाशानंतर लगेच, क्लाराइया हा शिंपला जगभर पसरला. काश्मीरमधील गुर्युल नाल्याच्या प्रसिद्ध छेदातही तो आहे. बहुतेक समुद्री प्राणी नाहीसे झालेले असताना तो इतक्या संख्येने कसा वाढला, हा प्रश्न मला स्वतःला वयापेक्षाही अधिक मनोरंजक वाटतो, पण तो आजचा विषय नाही.

क्रिटेशस कालखंडात हे स्थान इनोसेरॅमिड गटाच्या शिंपल्यांकडे जाते. हे शिंपले काही वेळा मीटरभराहून मोठे होत. त्यांना ओळखण्यासाठी अखंड नमुना लागतोच असे नाही. फुटलेल्या तुकड्याची कड भिंगाखाली धरली तर कॅल्साइटच्या बारीक कांड्या कवचाच्या पृष्ठाशी काटकोनात, एकीला एक लागून उभ्या असलेल्या दिसतात. ही रचना दिसली की गट कळतो आणि खडक बहुधा क्रिटेशसचा आहे एवढे म्हणता येते. त्याहून बारीक वय हवे असेल तर मात्र तुकडा पुरत नाही. त्यासाठी कवचावरील समकेंद्री वळ्यांमधील अंतर, चोचीचा कोन आणि लहानपणीच्या वाढीपासून प्रौढ वाढीकडे जाताना वळ्यांची दिशा कशी बदलते, हे सगळे पाहावे लागते. एवढे पाहिले तर फळही तसेच मिळते, कारण यांतील काही प्रजाती मोजकी लाख वर्षेच टिकल्या, आणि कोट्यवधी वर्षांच्या हिशेबात ती फारच बारीक मोजणी होय. कोनिएशियन या क्रिटेशसच्या एका भागाचा प्रारंभ आज अधिकृतपणे इनोसेरॅमिडावरूनच ठरतो. जर्मनीतील झाल्त्सगिटर-झाल्डर येथील चुनखडकाच्या जुन्या खाणीत क्रेम्नोसेरॅमस डिफॉर्मिस इरेक्टस हा शिंपला ज्या पातळीवर प्रथम दिसतो, ती पातळी २०२१ मध्ये जागतिक मानक म्हणून मान्य झाली. तिचे वय सुमारे ८.९४ कोटी वर्षे आहे. त्याच्या पुढच्या सँटोनियन या भागाचे मानक स्पेनमधील ओलाझागुतिया येथे आहे आणि तेही एका इनोसेरॅमिडाच्या प्रथम दर्शनावर बसवलेले आहे.

आपल्या जवळचे उदाहरण हवे असेल तर मध्य प्रदेशात धार जिल्ह्यातील बाग येथे जावे. नर्मदेच्या खोऱ्यातील या समुद्री चुनखडकांचे वय आधी जरा जुने समजत. इनोसेरॅमिड आणि ॲमोनाइट यांच्या आधारे ते आता ट्युरोनियन-कोनिएशियन, म्हणजे ९ कोटी वर्षांच्या आसपासचे मानले जाते. पुण्याचे जी. डब्ल्यू. चिपळोणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथील शिंपल्यांवर पुष्कळ काम केले आहे. तमिळनाडूत अरियालूरजवळ कल्लनकुरिची येथील चुनखडक, जो आज सिमेंटसाठी खणला जातो, ग्रिफिया आणि इनोसेरॅमस या शिंपल्यांनी अक्षरशः भरलेला आहे. दक्षिण भारतातील क्रिटेशस शिंपल्यांवरचा फर्डिनांड स्टोलिच्का यांचा ग्रंथ १८७०-७१ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने प्रसिद्ध केला आणि त्यातील चित्रफलक अजूनही उघडून पाहावे लागतात.

तरीही आपल्या पाठ्यपुस्तकाने ॲमोनाइटांना मान दिला तो योग्यच आहे. ॲमोनाइट पाण्यात पोहत, त्यामुळे तळ कसाही असला तरी त्यांचे कवच तेथे पडे. शिंपला तळाशी बांधलेला असतो. तळ चिखलाचा होता तोवर एक शिंपला राहिला, वाळू येताच तो गेला आणि दुसरा आला. येथे काळ बदललेला नसतो, फक्त घर बदललेले असते. ही फसगत टाळण्यासाठी तोच क्रम निराळ्या प्रकारच्या तळावर, दूरच्या ठिकाणी पुन्हा मिळतो का, हे पाहावेच लागते. शिंपल्यांचे खरे मोल मला वाटते ते ॲमोनाइट जेथे पोहोचत नसत तेथे, म्हणजे उथळ किनाऱ्यावर आणि फार थंड समुद्रांत आहे. पुढे उमरेडच्या वाचकांना दिलेल्या उत्तरात त्याचे उदाहरण येईल.

प्रश्न : खडकाचे वय शिंपल्यावरून आणि शिंपल्याचे वय खडकावरून, हे वर्तुळ झाले नाही का?
— एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर : तसे असते तर आक्षेप बिनतोड ठरला असता. पण शिंपल्यांचा क्रम वयावरून ठरवलेला नाही. तो खाणींच्या आणि पाण्याच्या कालव्यांच्या कापांत डोळ्यांनी पाहिलेला आहे. इंग्लंडमध्ये पाण्याच्या कालव्यांसाठी जमिनीची मोजणी करणारा विल्यम स्मिथ हा गृहस्थ खडकांचे वय जाणत नव्हता आणि उत्क्रांतीबद्दल तर त्याने ऐकलेही नव्हते. थर उलथलेले नसतील तर खालचा थर आधीचा, एवढेच त्याला ठाऊक होते. प्रत्येक थरात ठरावीक शिंपले आणि शंख असतात आणि त्यांचा खालून वर जाणारा क्रम मैलोगणती तोच राहतो, हे त्याच्या ध्यानात आले आणि त्या आधारावर त्याने १८१५ मध्ये इंग्लंड-वेल्सचा भूशास्त्रीय नकाशा छापला. डार्विनचा ग्रंथ त्यानंतर ४४ वर्षांनी आला. हा क्रम एकदा शेकडो ठिकाणी पडताळून झाला की नव्या ठिकाणी त्यातील एक शिंपला सापडताच त्या थराची जागा सांगता येते. ही जागा म्हणजे वर्षे नव्हेत. वर्षे दुसरीकडून येतात : शिंपल्यांच्या दोन थरांमध्ये ज्वालामुखीची राख पडलेली असेल तर तिच्यातील झिरकॉन या खनिजाच्या कणांत युरेनियमचे शिसे किती झाले, हे मोजून. उत्तर अमेरिकेच्या मध्यभागी क्रिटेशस काळात जो समुद्र होता, त्याच्या थरांत अशी राख वारंवार सापडते आणि इनोसेरॅमिडांची वर्षे बरीचशी तेथून आली आहेत.

शिंपल्यांच्या निव्वळ मोजदादीवरूनही एकदा वय मांडले गेले होते. १८३३ मध्ये ब्रिटिश भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायल यांनी टर्शरी थरांची इओसीन, मायोसीन, प्लायोसीन अशी विभागणी केली ती पॉल देशाय या फ्रेंच शंखतज्ज्ञाच्या तक्त्यांच्या आधारे. थरातील मृदुकाय प्राण्यांच्या प्रजातींपैकी किती आजही जिवंत आहेत, हा त्यांचा निकष होता. इओसीनमध्ये साडेतीन टक्क्यांच्या आसपास, मायोसीनमध्ये सुमारे १८, आणि प्लायोसीनमध्ये त्याहून पुष्कळ अधिक. टक्केवारीची ही रीत आज कोणी वापरत नाही, कारण ती युरोपच्या शिंपल्यांवर बेतलेली होती आणि प्रजाती कोणती म्हणायची यावर आकडा हलतो. नावे मात्र टिकली.

वर्तुळापेक्षा खरी भीती दुसऱ्याच गोष्टीची असते. जुन्या थरातून झिजून सुटलेला शिंपला वाहत येऊन नव्या थरात बसू शकतो. म्हणून थरातील सर्वांत जुना नव्हे, तर सर्वांत नवा जीवाश्म वय ठरवताना धरतात. वाहून आलेल्या शिंपल्याच्या कडा गुळगुळीत झालेल्या असतात, त्याच्या दोन्ही झडपा क्वचितच एकत्र मिळतात, आणि त्याच्या आत भरलेला गाळ बाहेरच्या गाळाहून निराळा असतो. हा शेवटचा पुरावा सर्वांत भरवशाचा.

प्रश्न : मी कोळसा खाणीतून निवृत्त झालो आहे. आमच्या खाणीत पानांचे ठसे पुष्कळ पाहिले, शिंपला कधी पाहिला नाही. मग आमच्या कोळशाचे वय शिंपल्यांवरून ठरले असे मागे कोणीतरी म्हणाले, ते कसे?
— एक वाचक, उमरेड

उत्तर : आपण पाहिलेली पाने बहुधा ग्लॉसोप्टेरिसची. जिभेच्या आकाराचे पान, मधोमध जाड शीर आणि तिच्यातून निघणारे बारीक जाळे, ही त्याची ओळख. ग्लॉसोप्टेरिसवरून खडक पर्मियन कालखंडाचा असावा असे म्हणता येते, परंतु तो कालखंड सुमारे ४.७ कोटी वर्षांचा आहे आणि हे झाड त्यात आरंभापासून अखेरपर्यंत दिसते. शिवाय ते फक्त गोंडवन भूमीवर, म्हणजे भारत, ऑस्ट्रेलिया, आफ्रिका वगैरे एकत्र असलेल्या प्राचीन दक्षिण खंडावर वाढले, त्यामुळे युरोपातील मानक थरांशी त्याच्यावरून थेट जोड घालता येत नाही. कोळसा साचला तो दलदलीत, नद्यांच्या मैदानांत. समुद्राचा शिंपला तेथे येण्याचे कारण नव्हते.

जोड मिळाली ती कोळशाच्या खाली. उमरेड आणि कामठीचा कोळसा बराकर थरांतील आहे. गोंडवनी खोऱ्यांत या बराकर थरांच्या खाली, अगदी तळाशी, तालचेर थर असतात. त्यांतील मोठमोठे गोलाश्म हिमनद्यांनी आणून टाकले, हे ब्लॅनफर्ड बंधू आणि विल्यम थिओबाल्ड या भूशास्त्रज्ञांनी १८५६ मध्ये ओडिशातील तालचेर येथे ओळखले. उष्ण प्रदेशात बर्फ, हे त्या काळी पचायला कठीण होते. पण हे बर्फ कधीचे? त्याचे उत्तर युरिडेस्मा नावाच्या शिंपल्याने दिले. हा शिंपला जाड कवचाचा, फुगीर आणि बाजूने पाहिल्यास हृदयाकृती असतो. बिजागरीजवळचा भाग तर इतका भरीव असतो की बाकीचे कवच विरले तरी तो गोळा उरतो. थंड, उथळ, लाटांनी ढवळलेल्या पाण्यात तो राहत असे, म्हणजे ॲमोनाइटांना न मानवणाऱ्या जागी. पाकिस्तानातील मिठाच्या डोंगररांगेत हिमनदीच्या गोलाश्मांच्या लगेच वर त्याचा थर आहे. १९५४ मध्ये छत्तीसगडच्या उत्तर भागात मनेंद्रगडजवळ, हसदेव नदीच्या पात्रात, तालचेर थरांमध्येच युरिडेस्मा आणि ॲव्हिक्युलोपेक्टेन हे समुद्री शिंपले सापडले. हाच युरिडेस्मा ऑस्ट्रेलियात विपुल आहे आणि तेथील पर्मियन थरांत ज्वालामुखीची राखही आहे. त्यामुळे त्याचा काळ पर्मियनच्या आरंभीचा, २९ ते ३० कोटी वर्षांपूर्वीचा, असे सांगता येते. आपला कोळसा याच्या वर असल्यामुळे तो त्याहून नवा. नेमका किती नवा, हे नंतर परागकण आणि बीजाणू यांच्या अभ्यासातून बारकाईने ठरवले जाते. पण त्या मोजणीचा तळचा खुंटा शिंपल्याने ठोकलेला आहे.

मध्य प्रदेशातील उमरिया येथेही १९२१ मध्ये तालचेर थरांच्या वर एक समुद्री थर सापडला. त्यातील कवचे शिंपल्यांसारखी दिसली तरी ती मुख्यतः प्रॉडक्टस या ब्रॅकिओपॉड प्राण्याची आहेत. दोहोंतला भेद सोपा आहे. बहुतेक शिंपल्यांत उजवी आणि डावी झडप एकमेकींची आरशातली प्रतिमा असते, पण एकच झडप घेऊन मधोमध रेघ मारली तर तिच्या दोन बाजू सारख्या येत नाहीत. ब्रॅकिओपॉडात याच्या उलट : एका झडपेच्या दोन बाजू तंतोतंत सारख्या, आणि वरची झडप खालच्या झडपेहून निराळी. समुद्राची ही चिंचोळी शाखा देशाच्या आत कोणत्या बाजूने शिरली, याबद्दल अजून एकमत नाही.

प्रश्न : शिंपला कॅल्शियम कार्बोनेटचा असतो, म्हणजे त्यात कार्बन आहे. मग कार्बन-१४ ची तपासणी करून थेट वर्षे का काढत नाहीत?
— एक शिक्षिका, वर्धा

उत्तर : कार्बन-१४ ची पोच सुमारे ५०,००० वर्षांपर्यंतच आहे. त्यापुढे मोजण्याइतका तो उरत नाही. कोकणच्या किनाऱ्यावरील अलीकडच्या काळातील शिंपल्यांना ही तपासणी चालेल. बागच्या किंवा मनेंद्रगडच्या शिंपल्यांना नाही.

थेट शिंपल्यावरून आकडा काढायची दुसरी एक रीत मात्र आहे, आणि ती स्ट्राँशियमची. समुद्राच्या पाण्यात थोडे स्ट्राँशियम असते आणि कवच बनताना ते कॅल्शियमच्या जागी बसते. त्याच्या ८७ आणि ८६ या दोन समस्थानिकांचे गुणोत्तर काळानुसार हळूहळू बदलत गेले आहे, कारण खंडांवरून नद्यांनी येणारे स्ट्राँशियम आणि समुद्रतळावरील ज्वालामुखी क्रियेतून येणारे स्ट्राँशियम यांचे प्रमाण बदलत गेले. आजच्या समुद्रात ते ०.७०९२ आहे, क्रिटेशसच्या अखेरीस ते ०.७०७८ च्या आसपास होते, आणि जुरासिकच्या उत्तरार्धात ०.७०६८ पर्यंत खाली आले होते. स्ट्राँशियम समुद्रात लक्षावधी वर्षे राहते, उलट सगळे महासागर ढवळून एकजीव व्हायला हजारेक वर्षे पुरतात, म्हणून एका वेळी साऱ्या खुल्या समुद्रांत गुणोत्तर एकच असते. शिंपल्यातील गुणोत्तर मोजावे, जागतिक आलेखावर ते कोठे बसते ते पाहावे आणि वय वाचावे, अशी ही रीत.

तिच्यात दोन अडचणी आहेत. पहिली, कवच मूळ स्थितीत उरलेले हवे. अनेक शिंपल्यांचे कवच ॲरॅगोनाइटचे असते. ते कालांतराने विरघळते किंवा कॅल्साइटमध्ये बदलते, आणि बदलताना भूजलातील स्ट्राँशियम आत घेते. म्हणून कॅल्साइटचे कवच असणारी कालवे आणि इनोसेरॅमिड यांनाच पसंती देतात. ज्या कालवांना वर आपण आकाराच्या बाबतीत नापास केले, ती येथे पहिल्या रांगेत येतात. नमुन्यात मँगनीज आणि लोह वाढलेले आहे का, आणि इलेक्ट्रॉनच्या झोतात पातळ काप नारिंगी उजळतो का, हे आधी पाहतात; तसे असेल तर तो तुकडा बाजूला ठेवतात. दुसरी अडचण अशी की हा आलेख खालीवर होत गेलेला आहे. एकच गुणोत्तर त्यावर दोन-तीन ठिकाणी सापडू शकते. त्यांपैकी कोणते घ्यायचे, हे शेवटी त्या थरात कोणती प्रजाती आहे यावरूनच ठरते. यंत्र कितीही चांगले असले तरी प्रजाती ओळखणारा माणूस लागतोच. आणि असे लोक आता आपल्या विद्यापीठांत कमी होत चालले आहेत, ही चिंतेची बाब आहे.

गोड्या पाण्याच्या शिंपल्यांना ही रीत लागू नाही, कारण प्रत्येक तळ्याचे गुणोत्तर त्याच्या भोवतीच्या खडकांप्रमाणे निरनिराळे असते.

प्रश्न : सुट्टीत मुलांना घेऊन जीवाश्म पाहायला जाण्याचा विचार आहे. शिंपले गोळा करताना काय काळजी घ्यावी?
— एक वाचक, वर्धमाननगर, नागपूर

उत्तर : मनेंद्रगडचा सागरी जीवाश्मांचा थर राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. तेथे हातोडी न्यायची नाही आणि काही उचलायचेही नाही. छायाचित्र घ्यावे, शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून. इतरत्र जमीनमालकाच्या परवानगीने गोळा करता येईल. शिंपला दगडातून सोडवण्याआधी तो कोणत्या थरात होता, खालचा आणि वरचा दगड कोणता, झडपा जोडलेल्या होत्या की सुट्या, आणि फुगीर बाजू वर होती की खाली, हे वहीत लिहावे आणि तोच क्रमांक नमुन्यावर घालावा. नाल्यात किंवा गिट्टीच्या ढिगात सुटा मिळालेला नमुना ठेवायला हरकत नाही, पण तो सुटा मिळाला असे स्पष्ट लिहावे. स्वच्छ करण्यासाठी व्हिनेगर किंवा कोणतेही आम्ल वापरू नये, चुन्याचे कवच त्यात विरघळते. जुना दात घासायचा ब्रश आणि साधे पाणी पुरे. ओळख पटवायची असल्यास नागपूर विद्यापीठाच्या भूशास्त्र विभागात किंवा सेमिनरी हिल्सवरील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात आधी विचारून नमुना आणि वही दोन्ही घेऊन जावे.